वेदीपुढचे गाणे आणि मांडवातले गाणे

लग्नात काय शिजवावे यावर आमच्या कोकणात चार घरे चार दिवस खल करतात, आणि काय गावे याचा निर्णय मात्र वाजविणाऱ्यावर सोपवून मोकळी होतात. हे केवळ आम्हां ख्रिस्ती लोकांतच घडते असे नव्हे. आमच्या हिंदू स्नेह्यांच्या घरी शार्दूलविक्रीडितात शतकानुशतके म्हटली गेलेली मंगलाष्टके आता चित्रपटगीतांच्या चालींवर म्हटली जातात, आणि प्रत्यक्ष सनईवाल्याची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली आहे. तेव्हा प्रस्तुत लेखाचा विषय कॅथलिक विवाहाच्या मिस्सेतील संगीत हा असला, तरी तो मूठभरांचा घरगुती प्रश्न आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. संस्कार कोणता आणि शोभा कोणती, हा विवेक सुटला म्हणजे काय होते, एवढेच आम्हांस एका उदाहरणाने दाखवावयाचे आहे.

उदाहरण आमच्या घरचेच आहे. आमच्या भाचीचे लग्न येत्या जानेवारीत रत्नागिरीस व्हावयाचे आहे. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो आणि तरुणपणी चर्चच्या गायनवृंदात गात होतो, एवढ्या भांडवलावर तिने मिस्सेतील गाण्यांची यादी आमच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मामा, आम्हांला सगळे पारंपरिक हवे, तेवढे एकदा बघून द्या." यादीत प्रवेशाच्या वेळी वाग्नरचे वधूगीत होते, अर्पणाच्या वेळी एका लोकप्रिय हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर प्रभूचे नाव बसविलेले गाणे होते, ख्रिस्तशरीर स्वीकारताना शूबर्टची 'आवे मारिया' होती, आणि बाहेर पडताना मेंडेल्सझोनची विवाहयात्रेची धून होती. आम्ही विचारले, "बाय, यात पारंपरिक ते कोणते?" ती म्हणाली, "सगळेच. आईच्या लग्नातही हेच वाजले होते."

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि म्हणूनच ते आम्हांस लागले. आईच्या लग्नात जे वाजले ती परंपरा, अशी समजूत एका मुलीची नाही. आज आमच्या बहुतेक घरांची आहे. तिचा दोष मुलीकडे जात नाही. तो ज्यांनी तिला दुसरे काही ऐकविलेच नाही त्या आमच्या पिढीकडे येतो.

आता या 'परंपरे'ची कुळकथा पाहा. वाग्नरचे वधूगीत हे 'लोहेनग्रिन' या संगीतनाटकातले. ते प्रथम १८५० साली जर्मनीतील वायमार येथे रंगभूमीवर आले. तिसऱ्या अंकात वधूवरांस शय्यागृहात नेताना ते गाइले जाते. त्यानंतर थोड्याच वेळात वधू नवऱ्यास विचारू नये तो प्रश्न विचारते, नवरा तिला सोडून जातो आणि नाटकाच्या शेवटी ती प्राण सोडते. ज्या विवाहाचे आयुष्य एक रात्रही नव्हते, त्याचे गाणे आम्ही जन्माच्या गाठीसाठी निवडतो! मेंडेल्सझोनची धून १८४२ मधील. शेक्सपिअरच्या 'ए मिडसमर नाइट्स ड्रीम' या सुखान्तिकेसाठी त्याने जे संगीत रचले त्यातली. ज्या नाटकात पऱ्यांची राणी गाढवाच्या डोक्याच्या विणकरावर भाळते, ते हे नाटक. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ही धून वाजली, आणि राजघराण्याचे अनुकरण करणाऱ्या इंग्रज मध्यमवर्गाने ती उचलली. तेथून ती साम्राज्याबरोबर आमच्यापर्यंत आली. दोन्ही रचना आपापल्या ठिकाणी उत्तम आहेत. तथापि त्यांचे जन्मस्थान वेदी नसून रंगभूमी आहे.

शूबर्टच्या गीताविषयी थोडे हळुवारपणे बोलले पाहिजे, कारण ते ऐकताना आमच्याच डोळ्यांत पाणी आलेले आहे. १८२५ मधील हे गीत सर वॉल्टर स्कॉटच्या 'द लेडी ऑफ द लेक' या कथाकाव्यातील नायिकेच्या तोंडचे आहे. संकटात सापडलेली एक तरुणी कुमारी मरियेस हाक मारते, असा तो प्रसंग. लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्या सुरांवर मागाहून बसविले गेले. गीतात भक्ती आहे, यात शंका नाही. परंतु ती एका कथेतील पात्राची, एका कंठाने गाण्याची भक्ती आहे. ती गाइली जात असता जमलेला समुदाय मुका होतो आणि गाणारीकडे पाहू लागतो. येथेच आमच्या वादाचा मुख्य मुद्दा सुरू होतो.

मिस्सेतील गाणे कोणास उद्देशून असते? हा एक प्रश्न यादीतील प्रत्येक गाण्यास विचारावा, म्हणजे निवडीचे निम्मे काम होते. मांडवातले गाणे वधूवरांसाठी आणि पाहुण्यांसाठी असते; वेदीपुढचे गाणे परमेश्वरास उद्देशून असते, आणि ते गाणारा जमलेला समुदाय असतो. पहिल्यात वधू हा विषय आहे. दुसऱ्यात वधूही गाणाऱ्यांपैकी एक आहे. पाश्चात्त्य कॅथलिक मतानुसार विवाहसंस्काराचे दाते धर्मगुरू नसून खुद्द वधूवर आहेत. धर्मगुरू चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतो व ती स्वीकारतो. ज्यांनी परस्परांस संस्कार द्यावयाचा, त्यांनाच आम्ही वाद्यांच्या गजरात मिरवून प्रेक्षणीय वस्तू करून ठेवतो, हा केवढा विपर्यास! चर्चच्या विवाहविधीतही वधूने एकटीने पित्याच्या हातास धरून संथ पावलांनी यावे व सर्वांनी मान वळवून तिच्याकडे पाहावे, असा नियम नाही. धर्मगुरूने वधूवरांस दाराशी जाऊन भेटावे आणि सर्वांनी मिळून गात वेदीकडे जावे, असाच क्रम तेथे सांगितला आहे. एकट्या वधूच्या त्या मिरवणुकीचे वळण आम्हांस इंग्रजी कादंबऱ्यांनी आणि अमेरिकन चित्रपटांनी लाविले.

चित्रपटगीताच्या चालीविषयी तर बोलावयासच नको, असे कोणी म्हणेल. आम्हांस बोलावेसे वाटते. गेल्या मे महिन्यात एका लग्नात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी रांग लागली असता असे एक गाणे सुरू झाले. शब्द प्रभूचे होते. परंतु पहिल्या दोन सुरांबरोबर आमच्या पुढचे दोन तरुण एकमेकांकडे पाहून हसले, आणि आम्हांसही तो पावसातला प्रसंग, ती नटी आणि तो नट आठवल्यावाचून राहिले नाही. हा आमच्या मनाचा दुबळेपणा म्हणा. परंतु चालीला स्मरण असते आणि शब्द बदलल्याने ते पुसले जात नाही. यात एक क्रूर योगायोगही आहे. सोळाव्या शतकापासून गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले गेले. त्याच शिक्षणाच्या बळावर गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस हे मजोर्ड्याच्या चर्चमधील गायनमास्तरांचे चिरंजीव. चर्चने चित्रपटाला विद्या दिली, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या विद्येचे व्याज म्हणून चर्चने चित्रपटाची उष्टी चाल परत घ्यावी, ही नव्हे.

यावर कोणी विचारतील की, मग चर्च स्वतः काय सांगते? ते काही गुप्त नाही. दहावे पायस या पोपमहाशयांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात पवित्र संगीताची तीन लक्षणे सांगितली: ते पावन असावे, ते खरी कला असावे, आणि ते सर्वांचे असावे. नाटकी ढंग वर्ज्य आणि ग्रेगोरियन गान हा आदर्श, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा जो ग्रंथ संमत केला, त्याने लोकभाषेस दार उघडले. परंतु त्याच ग्रंथात ग्रेगोरियन गानास अग्रस्थान दिले आहे, आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य मान द्यावा असेही सांगितले आहे. १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राने तर सर्व समुदायाने एकमुखाने गाण्याहून अधिक मंगल असे उपासनेत दुसरे काही नाही, असा अभिप्राय दिला. या तिन्ही लेखांत वाग्नर नाही आणि चित्रपटही नाही. ग्रेगोरियन गान आहे, देशी परंपरा आहे, आणि गाणारा समुदाय आहे. आमच्या लग्नांत नेमक्या या तीनच गोष्टी नसतात.

जुन्या लॅटिन विधीत विवाहमिस्सेची स्वतःची गाणी आहेत, हे किती कुटुंबांस ठाऊक असेल? प्रवेशगान 'देउस इस्राएल' हे तोबीताच्या ग्रंथातून घेतले आहे. दोन एकुलत्या एक मुलांवर दया करणाऱ्या देवाने वधूवरांस जोडावे, अशी त्यात याचना आहे. त्यापुढील गान 'उक्सोर तुआ' हे १२८ व्या स्तोत्रातील, म्हणजे जुन्या लॅटिन गणनेप्रमाणे १२७ व्या. त्यात घरातल्या पत्नीला फळलेल्या द्राक्षवेलीची आणि ताटाभोवती बसलेल्या मुलांना ऑलिव्हच्या रोपांची उपमा आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारतानाचे गानही त्याच स्तोत्रातले. कष्टाची भाकरी, भरलेले घर, नातवंडे पाहण्याइतके आयुष्य, याहून लग्नात मागावयाचे ते काय उरले? आमच्या कोकणातील कोणत्या म्हातारीने याहून निराळा आशीर्वाद दिला आहे?

"पण लॅटिन कोणास कळते?" हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. जे कळत नाही ते मनापासून म्हणता येत नाही, हे खरे. परंतु हा आक्षेप जे घेतात तेच वाग्नरची जर्मन धून निःशंकपणे वाजवितात, तेव्हा त्यांच्या तक्रारीचे कारण भाषा नसावे असा संशय येतो. मंगलाष्टकांतील प्रत्येक संस्कृत शब्द वऱ्हाड्यांस कळतो असे नाही. तरी त्या घोषात कोणते कर्म चालले आहे हे अक्षता घेऊन उभे असलेल्या पोरासही कळते. 'कीरिये' आणि 'सांक्तुस' या छोट्या, नेहमीच्या रचना एखाद्या समुदायाने चार रविवार म्हटल्या तर पाचव्या रविवारी त्या त्याच्या होतात. आमच्या लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका त्या बिनचूक म्हणत. तथापि स्तोत्र आणि प्रवेशगान लोकभाषेत असावे, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, लोकभाषेस चाल कोणती द्यावी?

आणि येथे आम्ही आमच्या दुसऱ्या प्रतिपक्षाकडे वळतो. हा पक्ष म्हणजे रोमच्या पलीकडे पवित्र काही नाही असे मानणारे आमचे काही वृद्ध मित्र. त्यांना ओवीचे नाव काढले की जाते आठवते, नाही तर कीर्तन आठवते, आणि दोन्ही त्यांस चर्चच्या उंबरठ्याबाहेरची वाटतात. त्यांना आम्ही एका इंग्रजाची आठवण देतो. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ; गोवेकरांस प्रभूचे चरित्र सांगावयाचे तर ते त्यांच्याच छंदात सांगितले पाहिजे, हे त्या परदेशी माणसास चारशे वर्षांपूर्वी कळले होते. पुढे काय झाले? गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या आज्ञापत्राने ख्रिस्ती लग्नांतील अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. त्यांत लग्नात गाइल्या जाणाऱ्या ओव्या आणि देशी वाद्येही आली. ज्या ओवीत एका पाद्रीने ख्रिस्त सांगितला, तीच ओवी सव्वाशे वर्षांच्या आत दुसऱ्यांनी गुन्हा ठरविली. आमच्या वृद्ध मित्रांस जी 'जुनी शुद्ध परंपरा' वाटते, तिच्यात या भयाचा केवढा वाटा आहे, याचा त्यांनी विचार करावा.

ओवी आणि ग्रेगोरियन गान यांच्यात जे साम्य आहे, ते आम्हांस उतारवयात उमगले. ग्रेगोरियन गानास ठेका नाही. एका स्वरावर शब्द म्हणत जावयाचे आणि वाक्य संपताना स्वर थोडा वळवून खाली आणावयाचा. ग्रंथ लावताना आमच्याकडे ओवी म्हणतात तिचीही गत हीच: अक्षरांचे बंधन शिथिल, तालाची सक्ती नाही, तीन चरण चढत जाऊन चौथा आखूड चरण विसावतो. दोहोंत शब्द धनी आणि स्वर सेवक. दोन्ही चाली एकट्या गवय्याच्या कौशल्यावर अवलंबून नाहीत. घोगऱ्या गळ्याचाही माणूस त्या म्हणू शकतो. म्हणूनच १२८ वे स्तोत्र मान्य मराठी भाषांतराच्या शब्दांत, शब्दास हात न लावता, ओवीच्या धाटणीने गावे ही आमची सूचना चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. प्रॉटेस्टंट बांधव या वाटेने आमच्या आधी गेले. याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी भाषांतरित इंग्रजी गीतांवर वाढलेल्या मराठी मंडळीस मराठी वळणाची भजने दिली. पंथभेद आपल्या जागी राहो. कान उघडे ठेवण्यास त्याची आडकाठी नसावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत जोराचा आहे: "लग्न त्यांचे, त्यांच्या आनंदाच्या दिवशी तुम्ही म्हाताऱ्यांनी नियम का सांगावे?" आनंदावर आमचा रोष नाही. उलट आमचे म्हणणे असे की, आनंदास स्वतःची जागा आहे आणि ती पुष्कळ मोठी आहे. रोसाच्या दिवशी नारळाचा रस लावताना गाण्याच्या ओव्या आहेत, विहिणींस चिडविण्याची गाणी आहेत, घुमट आहे, मांडो आहे, बँड आहे. मांडवात वाग्नरसुद्धा वाजवावा. तेथे आम्हीही टाळी देऊ. मिस्सेचा एखादा तास तेवढा मागावयाचा आहे. आणि आमचा नियम आम्ही स्वतःसही लावतो: विहिणीस चिडविण्याची चाल आमच्या कितीही आवडीची असली तरी ती वेदीपुढे आणू नये, कारण तिचेही स्मरण दुसरे आहे. ज्या नियमाने चित्रपट बाहेर राहतो, त्याच नियमाने आमचे आवडते लोकगीतही बाहेर राहते. मग यास म्हाताऱ्यांचा जुलूम कसे म्हणावे?

आम्ही भाचीस नवी यादी दिली. प्रवेशाच्या वेळी वधूवर, दोन्हीकडचे आईबाप आणि धर्मगुरू यांनी एकत्र यावे आणि सर्वांनी एक मराठी स्तोत्र म्हणावे. 'कीरिये' व 'सांक्तुस' मूळ शब्दांत, सर्वांनी मिळून. वाचनानंतरचे स्तोत्र ओवीच्या धाटणीने. अर्पणाच्या वेळी पेटीचे हलके स्वर किंवा शांतता. ख्रिस्तशरीर स्वीकारताना 'एक्के सिक बेनेदिचेतुर' हे जुने गान, नाही तर त्याच स्तोत्राचा मराठी पाठ. शूबर्ट घरी, संध्याकाळी, कोणी चांगले गाणारे असेल तर. या यादीस भाड्याचा गवई लागत नाही, ध्वनिवर्धकाची भिंत लागत नाही. चार रविवारांची तालीम तेवढी लागते. खर्च कमी आणि श्रम अधिक, हीच बहुधा तिच्या मार्गातील खरी अडचण ठरेल.

ओवीचे वळण शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा भाचीने आमच्या आईचे नाव घेतले. आईने ऐंशी ओलांडली आहे. आजवर शेकडो रोसांत ती गाइली. परंतु तिच्या गळ्याचे चर्चमध्ये काही काम आहे असे तिला कोणी सांगितले नव्हते, आम्हीही नाही. "माझे गाणे बाहेरचे रे," असे म्हणून ती प्रथम नकोच म्हणाली. १७३६ चे आज्ञापत्र तिने कधी ऐकलेले नाही. तरी ते तिच्या तोंडून बोलत होते. आता दर शनिवारी तिच्यासमोर सहा मुली बसतात. जानेवारीत काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. वराकडच्या मंडळीचा कौल अद्याप वाग्नरकडेच आहे. परंतु रत्नागिरीतच नव्हे, तर वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण अशा ठिकाणी जी ख्रिस्ती घरे आहेत, त्यांना आमची विनंती आहे की, लग्नाची यादी करण्यास बसाल तेव्हा वाजविणाऱ्यास बोलावण्यापूर्वी घरातल्या आजीस विचारा. या आज्या आता थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांच्या गाण्याची स्वरलिपी कोणी केलेली नाही.